इन्शुलिनची घडी का बिघडते?

उत्तर जपानमधील आकिता या शहराच्या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा एक वंश आहे. त्याचे वर्णन 1997 साली प्रथम प्रसिद्ध झाले. हे उंदीर लठ्ठ नसतात. त्यांचे खाणेपिणे प्रयोगशाळेतील इतर उंदरांसारखेच असते. तरीही जन्मानंतर चारेक आठवड्यांतच त्यांच्या रक्तातील साखर वाढू लागते, ते सारखे पाणी पिऊ लागतात आणि सारखी लघवी करू लागतात. थोडक्यात, त्यांना मधुमेह होतो.

दोन वर्षांनी, 1999 साली, या रोगाचे मूळ सापडले. इन्शुलिन तयार करण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यात एक अक्षर बदललेले होते. त्यामुळे 110 अमिनो आम्लांच्या साखळीत 96 व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन बसत होते. बाकी 109 कड्या जशाच्या तशा!

आता गंमत पाहा. माणसाच्या शरीरात इन्शुलिनचे जनुक एकाच प्रकारचे असते, उंदरात ते दोन प्रकारचे असते. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते, म्हणजे उंदराजवळ इन्शुलिनच्या कृतीच्या एकंदर चार प्रती असतात. आकिता उंदरात चारांपैकी फक्त एक प्रत बिघडलेली असते. उरलेल्या तीन प्रतींवर भागायला काय हरकत होती? याच सुमारास दुसऱ्या शास्त्रज्ञांनी उंदरांतून इन्शुलिनच्या एका प्रकारच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मुद्दाम काढून टाकल्या होत्या. ते उंदीर दोन प्रतींवर खुशाल जगले, त्यांना मधुमेह झाला नाही.

म्हणजे चारांतल्या दोन प्रती नाहीशा केल्या तर उंदीर निरोगी, आणि चारांतली एकच प्रत चुकीची असली तर उंदीर आजारी. मित्रहो, पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि हे असे का व्हावे याचा स्वतः विचार करा.

उत्तर एकच संभवते. या उंदरांना मधुमेह होतो तो इन्शुलिनची एक कृती कमी पडली म्हणून नव्हे. चुकीच्या कृतीतून निघालेला माल पेशीच्या आत साचतो आणि तोच पेशीला भोवतो. उरलेल्या तीन चांगल्या प्रती काम करायला तयार असतात, पण त्या ज्या पेशीत आहेत ती पेशीच मोडकळीला येते.

आपल्याला मधुमेहाची जी कारणे ठाऊक असतात, त्यांत ही गोष्ट सहसा नसते. गोड खाल्ले, वजन वाढले, घराण्यात आहे, एवढ्यावर चर्चा संपते. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच्या अंगाने या रोगाकडे पाहिले तर काय दिसते, ते आज आपण पाहू.

मिनिटाला एक लाख

जठराच्या मागच्या बाजूला स्वादुपिंड असते. त्याचे वजन सुमारे शंभर ग्रॅम. त्यातील बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. मात्र पाउल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याला 1869 साली सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पेशींचे लहान लहान, वेगळे दिसणारे पुंजके आढळले. समुद्रात विखुरलेल्या बेटांसारखे ते दिसतात, म्हणून पुढे त्यांना लँगरहॅन्सची बेटे म्हणू लागले. माणसात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात, पण त्यांचा वाटा स्वादुपिंडाच्या एकदोन टक्केच. या बेटांतील निम्म्याहून अधिक पेशी बीटा पेशी असतात. इन्शुलिन तयार करण्याचे काम त्यांचे. साऱ्या बीटा पेशी गोळा करून तराजूत टाकल्या तर वजन कसेबसे एक ग्रॅम भरेल!

या एका ग्रॅमवर किती काम पडते? मी भौतिकशास्त्राचा शिक्षक असल्याने आकडेमोड केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या.

निरोगी माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण 40 एकक इन्शुलिन तयार होते असे धरू. एक एकक म्हणजे सुमारे 0.035 मिलिग्रॅम. तेव्हा दिवसाचे इन्शुलिन झाले 1.4 मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. इन्शुलिनचा रेणुभार 5,800 च्या आसपास आहे. त्याने भागून ॲव्होगाड्रोच्या संख्येने गुणले की रेणूंची संख्या येते: 1.45 गुणिले 10 चा 17 वा घात. बीटा पेशी सुमारे 100 कोटी, म्हणजे 10 चा 9 वा घात. भागाकार करा. प्रत्येक पेशीच्या वाट्याला दिवसाला साडेचौदा कोटी रेणू आले. दिवसाची मिनिटे 1,440. म्हणजे दर मिनिटाला सुमारे एक लाख रेणू!

ही झाली सरासरी. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की हा वेग कितीतरी वाढतो. चेतवलेली बीटा पेशी मिनिटाला दहा लाखांपर्यंत रेणू घडवू शकते, आणि अशा वेळी ती बनवत असलेल्या एकंदर प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मे इन्शुलिनच असते. शरीरात इतर पेशीही प्रथिने बनवतात, पण एकाच मालाचा एवढा मोठा कारखाना क्वचितच आढळेल.

पंधरा वाटा, एकच बरोबर

रेणू घडवणे म्हणजे नुसती अमिनो आम्लांची माळ ओवणे नव्हे. माळ ओवण्याचे काम रायबोसोम करतात. ही माळ आंतर्द्रव्यजालिका नावाच्या, पातळ पडद्यांच्या पिशव्यांच्या जाळ्यात शिरते. नववीच्या पुस्तकातील पेशीच्या आकृतीत केंद्रकाभोवती वळ्यावळ्यांसारखे जे दाखवलेले असते, तेच हे. आत शिरताना पहिली 24 कड्यांची शेपटी कापली जाते आणि 86 कड्यांची माळ उरते. तिला प्रोइन्शुलिन म्हणतात. ते प्रथम 1967 साली डोनाल्ड स्टायनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पुढे मधला भाग छाटला जाऊन 51 कड्यांचे इन्शुलिन तयार होते, पण ती नंतरची गोष्ट. त्याआधी या माळेची नीट घडी बसावी लागते.

घडी टिकून राहते ती गंधकाच्या दुव्यांमुळे. सिस्टीन या अमिनो आम्लात गंधकाचा अणू असतो आणि दोन सिस्टीन जवळ आली की त्यांचे गंधक एकमेकांना धरतात, शर्टाची बटणे काजात अडकवावीत तसे. प्रोइन्शुलिनमध्ये अशी सहा सिस्टीन आहेत, म्हणून तीन दुवे. सहा जणांच्या तीन जोड्या किती प्रकारे लावता येतील? पहिल्याला जोडीदार निवडायला पाच पर्याय, उरलेल्या चारांपैकी पहिल्याला तीन, आणि शेवटच्या दोघांना एकच. पाच गुणिले तीन गुणिले एक, म्हणजे पंधरा. या पंधरांपैकी निसर्गाला हवी असलेली मांडणी एकच. बाकीच्या चौदा चुकीच्या!

आकिता उंदरात 96 व्या जागचे सिस्टीन नाही. म्हणजे सहाऐवजी पाचच सिस्टीन उरली, आणि ज्याच्याशी 96 ची जोडी लागायची ते सिस्टीन एकटे पडले. हे एकटे पडलेले सिस्टीन रिकामे बसत नाही. ते शेजारच्या रेणूला पकडते, तो आणखी कोणाला पकडतो, आणि गुंतागुंत होऊन बसते. चांगल्या प्रतींतून आलेले निर्दोष प्रोइन्शुलिनही या गुंत्यात अडकते. तीन प्रती शाबूत असूनही उंदीर का वाचत नाही, याचे हे दुसरे कारण.

इथे एक शंका चाणाक्ष वाचकाला आलीच असेल. माळेची घडी जर माळेतील कड्यांच्या क्रमावरूनच आपोआप ठरते, तर चुका होतातच कशा? क्रमावरून घडी ठरते हे खरे आहे. ख्रिश्चन ॲन्फिन्सन यांना हे दाखवून दिल्याबद्दल 1972 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण त्यांनी परीक्षानळीत एकच प्रथिन, पातळ द्रावणात, घाई न करता ठेवले होते. पेशीच्या आत गर्दी असते. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी नऊ वाजता कोणी छत्री मिटवून दाखवावी, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

या गर्दीत मदत करायला काही खास प्रथिने असतात. नवी नवरी सासरी जाताना तिच्याबरोबर पाठराखीण जाते ना, तशी ही पाठराखीण प्रथिने अर्धवट घडी झालेल्या साखळीला धरून ठेवतात, भलत्याशी चिकटू देत नाहीत, आणि घडी बसली की सोडून देतात. त्यातूनही ज्यांची घडी बसतच नाही त्यांना जालिकेबाहेर ओढून काढून त्यांचे तुकडे करण्याचीही सोय असते. निरोगी बीटा पेशीतही काही माल असा वाया जातोच. तो उचलून नेण्याचा वेग माल बिघडण्याच्या वेगापेक्षा जास्त असला की झाले.

धोक्याची घंटा

पण बिघडलेला माल जास्त झाला तर? पेशीला ते कळते कसे?

या प्रश्नाचे उत्तर मधुमेहाच्या अभ्यासातून आले नाही, पाव फुगवण्यासाठी वापरतात त्या यीस्टपासून आले. 1993 साली अमेरिकेत पीटर वॉल्टर यांच्या प्रयोगशाळेला आणि त्याच सुमारास तेथेच संशोधन करणाऱ्या काझुतोशी मोरी यांना, एकमेकांहून स्वतंत्रपणे, यीस्टच्या जालिकेच्या पडद्यात बसवलेले एक प्रथिन सापडले. त्याचे नाव आयआरई-1. त्याचे एक टोक जालिकेच्या आत असते, दुसरे बाहेर. आत बिघडलेली प्रथिने साठली की बाहेरचे टोक जागे होते आणि केंद्रकाला निरोप जातो. दोघांना 2014 साली लास्कर पुरस्कार विभागून मिळाला.

माणसाच्या आणि उंदराच्या पेशीत अशी तीन पहारेकरी प्रथिने आहेत: आयआरई-1, पर्क आणि एटीएफ-6. त्यांना जाग येण्याची तऱ्हा मोठी साधी आहे. एरवी पाठराखीण प्रथिने या पहारेकऱ्यांनाही धरून बसलेली असतात, त्यामुळे ते गप्प असतात. बिघडलेला माल वाढला की पाठराखिणींना तिकडे धावावे लागते, आणि मोकळे झालेले पहारेकरी घंटा वाजवतात. वेगळे मोजमापाचे यंत्र नको, मदतनिसांची टंचाई हेच मोजमाप! (आयआरई-1 बिघडलेल्या साखळीला स्वतःही चाचपून ओळखतो असा पुरावा आहे, पण त्या वादात आपण शिरायला नको.)

घंटा वाजल्यावर पेशी दोन गोष्टी करते. पर्क हा पहारेकरी प्रथिने ओवण्याचे काम तात्पुरते मंद करतो. बाकीचे दोघे केंद्रकाकडून आणखी पाठराखीण प्रथिने मागवतात, जालिका वाढवतात आणि खराब माल काढून टाकण्याची यंत्रणा जोरात चालू करतात. दिवाळीत ऑर्डरी फार झाल्या की शहाणा शिंपी काय करतो? नवे कापड घेणे थांबवतो, दोन जास्तीचे कारागीर बोलावतो, आणि हातातले काम निपटतो. पेशीही तेच करते, आणि बहुतेक वेळा हे पुरते. रोज जेवणानंतर आपल्या बीटा पेशींत अशी घंटा थोडीथोडी वाजते आणि थांबते.

थांबली नाही तर मात्र प्रकरण बदलते.

भौतिकशास्त्रात ताणाचा पहिला धडा स्प्रिंगचा असतो. वजन टांगले, स्प्रिंग लांबली. वजन काढले, स्प्रिंग पूर्ववत झाली. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली की वजन काढल्यावरही ती पूर्ववत होत नाही. जीवशास्त्रज्ञांनी ताण हा शब्द आमच्याकडून उसना नेला, आणि इथे तो बराच शोभतोही. पण एक महत्त्वाचा फरक आहे. स्प्रिंग निष्क्रिय असते, ती मोडते ती वजनामुळे. पेशी मात्र ताण फार काळ चालू राहिला की स्वतःच स्वतःला संपवण्याचा निर्णय घेते. पर्कची घंटा दीर्घकाळ वाजत राहिली की चॉप नावाचे एक प्रथिन तयार होऊ लागते, आणि ते पेशीला नियोजित मृत्यूकडे ढकलते. बिघडलेली पेशी शेजाऱ्यांना उपद्रव देण्याआधी शांतपणे नाहीशी व्हावी, हा त्यातला हेतू असावा. शरीराच्या पुष्कळ भागांत हे शहाणपणाचेच आहे. बीटा पेशींची शिल्लक मात्र एक ग्रॅमची, आणि प्रौढ माणसात नव्या बीटा पेशी फारच सावकाश तयार होतात.

चॉपवरचा हा आरोप सिद्ध कसा झाला? पुन्हा आपल्या आकिता उंदरांकडे जाऊ. 2002 साली जपानी शास्त्रज्ञांनी चॉपचे जनुक नसलेले आकिता उंदीर तयार केले. इन्शुलिनमधला बिघाड तोच, घडी तशीच विसकटलेली, फक्त चॉप नाही. या उंदरांत मधुमेह उशिरा आला. टळला नाही, लांबला. म्हणजे चॉप हा एक मारेकरी खरा, पण एकटा नव्हे.

मग घंटाच काढून टाकली तर? निसर्गाने हा प्रयोगही करून ठेवला आहे. वॉलकॉट आणि रॅलिसन या डॉक्टरांनी 1972 साली एका दुर्मिळ आजाराचे वर्णन केले होते. त्यात बाळाला जन्मानंतर लवकरच मधुमेह होतो आणि पुढे हाडांची वाढ नीट होत नाही. 2000 साली कळले की या मुलांत पर्कचेच जनुक निकामी असते. प्रथिने ओवण्याचा वेग कमी करणारा ब्रेक नाही, म्हणून बीटा पेशी स्वतःच्याच कामाखाली दबून मरतात. ब्रेक नसला तरी अपघात, आणि ब्रेक कायम दाबून धरला तरी गाडी जळते. औषध शोधणाऱ्यांची खरी पंचाईत इथे आहे, आणि ताण कमी करण्याच्या गोळीची बातमी वर्तमानपत्रात वाचली की मला हा आजार आठवतो.

आकिता उंदराची कथा केवळ उंदरांची नाही, हे 2007 साली स्पष्ट झाले. जन्मानंतर थोड्याच महिन्यांत मधुमेह झालेल्या काही बालकांच्या इन्शुलिन जनुकात घडी बिघडवणारे निरनिराळे बदल सापडले. त्यांतला एक तर नेमका 96 व्या जागचा, सिस्टीनऐवजी टायरोसीनचा होता!

आपल्या शेजारचा मधुमेह

तुम्ही म्हणाल, हे दुर्मिळ आजार झाले. आमच्या काकांना, शेजारच्या आजोबांना जो मधुमेह आहे त्यांच्या इन्शुलिनमध्ये कुठे चूक आहे? बरोबर आहे. त्यांच्या जनुकातील कृती शुद्ध आहे. मग त्यांच्या पेशींवर ताण येतो कुठून?

तो मागणीतून येतो. प्रौढ वयात होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात आधी स्नायू, यकृत आणि चरबी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. जे काम 40 एककांत व्हायचे त्याला दुप्पट, कधी त्याहून जास्त इन्शुलिन लागू लागते. आपल्या हिशेबात 40 च्या जागी 80 घालून पाहा: मिनिटाला एक लाखाचे दोन लाख झाले. पंधरा वाटांतून योग्य वाट शोधण्याचे काम तेवढेच अवघड, वेळ मात्र निम्मा. चुकीच्या घडीचे प्रमाण तेच राहिले तरी चुकीच्या रेणूंची संख्या दुप्पट होते.

त्यात आणखी भर पडते. गंधकाचा एक दुवा जोडला की मुख्य मार्गाने हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू बाहेर पडतो. जखमेवर घातले की फसफसते तेच हे रसायन. इन्शुलिनच्या एका रेणूमागे तीन दुवे, म्हणजे पेरॉक्साइडचे तीन रेणू. यकृताच्या पेशीत त्याचा निचरा करणारी विकरे मुबलक असतात, बीटा पेशीत ती फारच थोडी. रक्तातील काही मेदाम्लेही छळतात. बशीत वाढवलेल्या बीटा पेशींवर तुपात आणि पामतेलात आढळणारे पामिटिक आम्ल घातले की जालिकेतला ताण वाढतो, ऑलिव्ह तेलातले ओलेइक आम्ल घातले तर तितका वाढत नाही. बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे, म्हणून यावरून लगेच स्वयंपाकघरात फेरबदल करू नका.

मागणी वाढलेली सगळीच माणसे आजारी पडत नाहीत. पुष्कळ लठ्ठ माणसांच्या बीटा पेशी वाढीव काम जन्मभर पार पाडतात. आजारी पडतात ती ज्यांच्या पेशी या भाराखाली वाकतात ती. 2003 साली अमेरिकेत मृत्यूनंतर तपासलेल्या स्वादुपिंडांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्या लठ्ठ माणसांच्या तुलनेत मधुमेह झालेल्या लठ्ठ माणसांत बीटा पेशींचे आकारमान 63 टक्क्यांनी कमी भरले. आणि ज्यांना मधुमेह अजून झालाच नव्हता, फक्त उपाशीपोटीची साखर थोडी वाढू लागली होती, त्यांच्यातही ते 40 टक्क्यांनी कमी होते. रोगाचे निदान होण्याच्या आधीच नुकसान बरेच पुढे गेलेले असते, हा याचा अर्थ. पुढे निरनिराळ्या प्रयोगशाळांत मधुमेहींच्या बेटांत धोक्याच्या घंटेच्या खुणाही सापडल्या.

भारतीयांना हा विषय जास्तच लागू आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, हा आकडा 2023 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो बारीक दिसणाऱ्या माणसांनाही होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा एक फोटो छापला. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! याज्ञिकांच्या गटाने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. तरी आपल्या बाळांत चरबीचा अंश मात्र तितका कमी नव्हता, कमी होते ते स्नायू. काट्यावर वजन कमी दिसले तरी बीटा पेशींवरची मागणी कमी असेलच असे नाही. शिवाय पोटात असताना पोषण कमी पडले तर बीटा पेशींची जन्मजात शिल्लकच तोकडी राहते, असे बऱ्याच संशोधकांना वाटते. आईच्या आहाराचा प्रश्न असा थेट या एका ग्रॅमपाशी येऊन पोहोचतो.

मेल्या की विसरल्या?

एक प्रश्न गेली काही वर्षे गाजतो आहे. कमी झालेल्या बीटा पेशी खरोखर मेल्या का? 2012 साली न्यूयॉर्कमधील शास्त्रज्ञांनी उंदरांत असे दाखवले की पुष्कळ बीटा पेशी मरत नाहीत, आपले काम विसरतात. त्या इन्शुलिन बनवणे सोडून देतात आणि बाल्यावस्थेतील पेशींसारख्या होऊन बसतात. हे माणसात कितपत घडते यावर मतभेद आहेत. पण मेलेली पेशी परत येत नाही, विसरलेली येऊ शकते, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा.

परत येण्याची शक्यता दाखवणारा एक प्रयोग माणसांवर झालेला आहे. ब्रिटनमध्ये, सहा वर्षांच्या आत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह झालेल्या लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींचा आहार दिला आणि नंतर हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणले. याचा निष्कर्ष 2017 साली आला. एका वर्षानंतर 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधांवाचून आटोक्यात होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. मागणी उतरली आणि वाकलेल्या पेशी पुन्हा ताठ झाल्या, असे याचे चित्र रंगवता येते. आजार जितका जुना, तितके हे कठीण. हा प्रयोग घरी करण्याचा नव्हे, हे वेगळे सांगायला नको. लहान मुलांत जास्त आढळणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह तर निराळा. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच बीटा पेशींवर उलटते, आणि इन्शुलिनची इंजेक्शने थांबवणे प्राणावर बेतते. मात्र त्या मुलांतही उरल्यासुरल्या पेशींवरचा ताण हलका करण्याचे प्रयत्न चालू आहेत. व्हेरापामिल हे रक्तदाबावरचे जुने औषध नुकतेच निदान झालेल्या मुलांना देऊन पाहिले, तेव्हा वर्षअखेर त्यांच्या स्वतःच्या इन्शुलिननिर्मितीची खूण औषध न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 30 टक्के जास्त आढळली. हे 2023 सालचे.

आता अडचण आहे ती मोजमापाची. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडातील जालिकेत डोकावणार कसे? तापासाठी थर्मामीटर असतो, तसे पेशीच्या ताणासाठी काही नाही. पण एक आडवाट आहे. पेशी घाईत असली की प्रोइन्शुलिनचा मधला भाग छाटण्याआधीच काही माल बाहेर पडतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तातील प्रोइन्शुलिनचे इन्शुलिनशी प्रमाण वाढलेले असते, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह पुढे ज्यांना झाला, अशा काही मुलांच्या रक्तातही अर्धवट मालाचे प्रमाण निदानाच्या आधीच वाढलेले सापडले आहे. काही महिने आधी, साखर अजून ठीक असताना, रक्ताचा एक थेंब तपासून कारखान्यात गर्दी झाल्याचे ओळखता येईल का, याचा शोध आता अनेक ठिकाणी चालू आहे.